सर्वांत कमी दराची हवा

मा. खरेदी अधिकारी साहेब,


जुन्या गिरणीच्या बॉयलरघरातलं अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक वेष्टण, काढण्याच्या कामासाठी आपण हवा गाळायचं यंत्र मंजूर केलंत, तेही सर्वांत कमी दराच्या निविदेतून. त्याबद्दल जाहीर अभिनंदन! आपला तुलनात्मक तक्ता पाहून ऑडिटवाल्यांनाही गहिवरून येईल.

यंत्रावर ठळक अक्षरांत ‘हेपा टाइप’ लिहिलंय. आम्ही अडाण्यांनी नुसतं ‘हेपा’ मागितलं होतं. खऱ्या हेपा फिल्टरला 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवावे लागतात. ‘टाइप’ची शेपटी लावली की ही कटकट मिटते. चाचणीचा दाखला न मागून आपण पुरवठादाराचंही मन राखलंत. फिल्टर चौकटीत बसवला तर कडेच्या फटीतून आगकाडी सहज आत जाते. रबराची पट्टी एका बाजूला आहे, तीन बाजूंना नाही. एवढी रुंद वाट मोकळी असताना अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी फिल्टरमधून जायचे कष्ट का घ्यावेत?

हिशेबातही आपण चोख. बंदिस्त केलेली जागा 30 बाय 20 फूट, उंची 10. म्हणजे 6,000 घनफूट. अमेरिकेतला कामगार-सुरक्षेचा नियम अशा जागेतली हवा तासाला किमान चार वेळा बदला म्हणतो, म्हणजे मिनिटाला 400 घनफूट. आपण नेमकं 400चंच यंत्र घेतलंत, उधळपट्टी नाही! तो आकडा कोऱ्या फिल्टरचा असतो, इतकंच. दुपारपर्यंत प्रीफिल्टर चोंदतो आणि मग यंत्र नुसतं घरघरतं.

गाळलेली हवा बाहेर सोडायची नळी आपण ‘अनावश्यक बाब’ म्हणून खोडलीत. ती असती तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहिला असता, प्लास्टिकचा पडदा आत ओढला गेला असता आणि फटीतून हवा आत आली असती, धूळ बाहेर गेली नसती. सध्या पडदा लुळा लोंबतोय. दाब निदान पाण्याच्या 0.02 इंचाइतका कमी हवा, पण दाबमापकही आपण खोडल्यामुळे आकड्यावरून वाद होत नाही. पोरं तोंडाला रुमाल बांधतात. रुमाल त्यांचे स्वतःचे आहेत, आपल्या बजेटवर भार नाही.

2006 साली फ्रान्सची क्लेमांसो ही युद्धनौका अ‍ॅस्बेस्टॉसच्या बोभाट्यामुळे अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्याच्या वाटेवरून माघारी बोलवावी लागली. राष्ट्राध्यक्ष शिराक यांना आपला पत्ता कोणी दिला नसावा.

पुढची काळजी नको. यंत्राची हमी एक वर्षाची आहे, आणि या धुळीचा कर्करोग सहसा वीस ते चाळीस वर्षांनी वर येतो. तोवर फाइल रद्दीत आणि आपण पेन्शनीत.

आपला नम्र,
साइट सुपरवायझर

ता. क. शुक्रवारी आपण पाहणीला येताय असं कळलं. यंत्राची हवा जिथे सुटते, नेमकी तिथेच आपली खुर्ची मांडली आहे. वारा छान लागतो.