कळ काढण्यापूर्वी

मोर्सची साधी कळ सोडून पॅडल घ्यायचं तुमच्या मनात आलं आहे. म्हणजे तुम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आहात, तुमच्याकडे ट्रान्सीव्हर आहे, गच्चीवर अँटेना ताणायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोंडी हो म्हटलेलं आहे आणि घरात तुमचं कुणी फारसं ऐकत नाही. चारही लक्षणं चांगली आहेत. पाचवं लक्षण असं, की साध्या कळीवर आपला हात बसत नाही तो पॅडलवर नक्की बसेल, असं तुम्हाला मनापासून वाटतं. तेही चांगलंच. ही समजूत नसती तर जगातले निम्मे पॅडल कारखाने कुलूप लावून बसले असते.

पॅडल म्हणजे काय हे आधी स्वतःला पक्कं ठाऊक असावं, कारण कुरियर आल्यावर घरी समजावून सांगावं लागतं. ते सायकलचं नाही, इथून सुरुवात करायची. साधी कळ वर-खाली चालते. जितका वेळ दाबाल तितका वेळ सूर. डिट म्हणजे आखूड सूर केवढा, डा म्हणजे लांब सूर केवढा, मधली फट केवढी, हा सगळा हिशेब मनगटाकडे. पॅडल आडवं चालतं. त्याला बहुधा दोन पाती असतात. उजव्या हाताच्या माणसाने अंगठ्याने दाबलं की डिटांची माळ लागते, तर्जनीने दाबलं की डांची. माळ ओवायचं काम कीअर नावाचा एक इलेक्ट्रॉनिक कारकून करतो. हल्ली तो ट्रान्सीव्हरच्या पोटातच बसवलेला असतो. डा हा डिटाच्या बरोबर तिप्पट आणि दोघांमध्ये एका डिटाची फट, यात तो कधी चुकत नाही. मिनिटाला २० शब्दांचा वेग लावलात तर त्याचा एक डिट ६० मिलिसेकंदांचा. ६१ नाही. अशा कारकुनाच्या हाताखाली काम करायचं आहे, एवढं लक्षात ठेवा.

माझे वडील तार खात्यात होते. तारसेवा बंद झाली २०१३च्या जुलैत, पण मोर्सची कळ त्याच्या किती तरी आधी टेलिप्रिंटरने बाजूला सारली होती. त्यामुळे अण्णांच्या हातातली कळ गेली आणि कानातली तेवढी राहिली. माझं पहिलं पॅडल खोक्यातून निघालं तेव्हा त्यांनी ते चष्मा वर करून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"डिट कोण करतं?"

"कीअर."

"आणि डा?"

"तोही कीअरच."

"मग तू काय करतोस?"

हा प्रश्न तुमच्याही घरी येईल. उत्तर तयार ठेवा. इतिहासाचा आधार घेतलेला बरा असतो. अमेरिकेतल्या तारबाबूंना दिवसभर कळ बडवून हाताचा एक विकार जडायचा, त्याला ते 'काचेचा हात' म्हणत. त्यावर तोड म्हणून न्यूयॉर्कच्या होरेस मार्टिनने १९०४ साली आडव्या कळीचं पेटंट घेतलं. तिच्यात लवलवणारी एक पट्टी डिट आपोआप करायची आणि डा तेवढे हाताने द्यावे लागायचे. हीच पुढे व्हायब्रोप्लेक्सची 'बग' म्हणून गाजली. तेव्हा पॅडल ही आळशाची सोय नसून मनगटाच्या आरोग्याची परंपरा आहे, असं सांगावं. मी सांगितलं. अण्णांनी आपलं उजवं मनगट माझ्यासमोर गोल फिरवून दाखवलं आणि पेपर उघडला.

आता निवड. एकपाती घ्यावं की दुपाती, हा पहिला पेच. एकपातीला एकच दांडी असते, ती एकीकडे ढकलली की डिट, दुसरीकडे ढकलली की डा. दुपातीला दोन दांड्या, आणि त्या चिमटीत एकदम धरल्या की डिट-डा-डिट-डा अशी आळीपाळीची पंगत सुरू होते. म्हणजे 'सी' हे अक्षर (डा-डिट-डा-डिट) एका चिमटीत निघतं. हे ऐकल्यावर दुपाती न घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि घेतल्यावर सहा महिन्यांनी चिमटीचा नाद सोडून पाती सुटी सुटी दाबणारे मात्र बरेच भेटले. चिमटीत बोट केव्हा उचलायचं हे कळण्यातच खरी मेख आहे. तरी तुम्ही दुपातीच घ्या. एकपाती घेऊन हात बसला नाही, तर दुपातीचं स्वप्न उरतं आणि दुसरा खर्च होतो.

दुपातीबरोबर मोड ए आणि मोड बी हा धर्मभेद आपोआप घरात येतो. मोड एमध्ये चिमटी सोडली की चालू असलेला डिट किंवा डा पुरा होतो आणि कारकून थांबतो. मोड बीमध्ये तो चालू असलेला पुरा करतो, वर त्याच्या उलटा एक आणखी वाढतो. लग्नात जिलबी वाढणाऱ्याला आपण हात आडवा करून नको म्हणतो आणि तो एक टाकूनच पुढे जातो, तसं. दोन्ही पंथांचे लोक शहाणे आहेत, फक्त दुसऱ्या पंथाच्या माणसाला आपलं पॅडल वापरू देत नाहीत. तुम्ही ज्या मोडवर शिकाल तोच जन्मभर खरा वाटेल, म्हणून ट्रान्सीव्हरच्या मेनूत कोणता मोड आहे हे शिकण्याआधी पाहावं. मी नंतर पाहिलं.

वजनाबद्दल दुमत नाही: जड हवं. हलकं पॅडल टेबलावरून पळतं. तुम्ही सीक्यूची, म्हणजे 'कुणी आहे का'ची, हाक द्यायला लागता, पॅडल डावीकडे सरकत जातं, तुम्ही त्याच्या मागे झुकत जाता आणि हाक संपेपर्यंत कोपर लॉगबुकावर टेकलेलं असतं. चांगल्या कंपन्या म्हणूनच खाली किलोभराचा पितळी नाहीतर पोलादी ठोकळा देतात. इटलीतलं बेगाली तर (बंगाली नव्हे, हा खुलासा दर वेळी करावा लागतो) इतकं देखणं असतं, की ते वापरण्यापेक्षा त्याच्यासमोर उदबत्ती लावावीशी वाटते. किंमत बघितली की उदबत्तीचा विचार पक्का होतो. काही पॅडलांत पाती परतायला स्प्रिंग असते, काहींत चुंबक. बोटाने स्पर्श केला की चालणारी, न हलणारी पॅडलंही मिळतात. जुलैतल्या दमट हवेत घामट बोटांनी ती वापरून बघावीत आणि मग ठरवावं.

ज्याला हा खर्च झेपत नाही त्याने करवतीच्या पात्याचं पॅडल घरी करावं. ही थट्टा नाही. हॅम लोक पिढ्यान् पिढ्या ते करत आले आहेत. लोखंड कापायच्या करवतीचं एक पातं घ्यायचं, पकडीने त्याचे दोन सारखे तुकडे मोडायचे, दात घासून बोथट करायचे, रंग खरवडायचा, दोन्ही तुकडे एका टोकाला लाकडाच्या ठोकळ्यात उभे कसायचे आणि त्यांच्या आतल्या बाजूंना नट-बोल्टची टोकं आणायची. बोल्ट फिरवला की फट कमी-जास्त होते. पातंच स्प्रिंगचं काम करतं. बैठक म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा वापरला. तो गेली कित्येक वर्षं पाण्याच्या पिंपाखाली होता. पिंप आता डुगडुगतं, पॅडल हलत नाही. मी पुढे विकतचं पॅडल घेतलं तेही याच ग्रॅनाइटवर चिकटवलं आहे, त्यामुळे पिंपाचा प्रश्न कायमचा सुटलेला नाही.

जोडणीत एकच सूचना, पण ती रक्ताने लिहिलेली आहे. पॅडलला ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन लागते: टोकाला डिट, मधल्या कड्याला डा, मागे अर्थ. मी गडबडीत एका दुकानातून वायर आणली ती निघाली मोनो पिनची. मोनो पिनेला मधलं कडं नसतं, त्यामुळे सॉकेटमधला डाचा संपर्क थेट अर्थला टेकतो. मी ट्रान्सीव्हर लावला आणि पॅडलला हात न लावता डा, म्हणजे मोर्समधले 'टी', सुरू झाले. डा-डा-डा-डा, न थांबता, घड्याळासारखे एकसारखे. मी नवं कोरं पॅडल शेवटच्या स्क्रूपर्यंत खोललं. एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. मी पालथा पडून मोबाइलच्या उजेडात ती शोधत असताना अण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "टी, टी, टी, टी. कुणाला चहा हवाय का?"

आता फट. पाती आणि संपर्कबिंदू यांच्यात अंतर किती, यावर पुष्कळ बोललं जातं. जाणकार कागदाच्या जाडीएवढं म्हणतात. मी कालनिर्णयच्या मागच्या महिन्याच्या पानाची पट्टी कापून घेतो. ती आत सरकवायची आणि किंचित अडेल इतपत स्क्रू आवळायचा. त्याच पट्टीने संपर्कही पुसून निघतात: पातं हलकेच दाबून धरायचं आणि पट्टी ओढायची. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे पावसाळ्यात वरचेवर करावं. काचपेपर मात्र लावायचा नाही, चांदीचा मुलामा निघून जातो. फट कमी तर वेग जास्त, असं ऐकून मी ती इतकी कमी केली होती, की जवळ कुणी शिंकलं तरी 'ई', म्हणजे एकटा डिट, जायचा.

सरावाच्या वेळी ब्रेक-इन बंद ठेवा, म्हणजे सूर फक्त तुमच्या कानात वाजेल, आकाशात जाणार नाही. अनुभवी माणसं आणखी एक सल्ला देतात: पॅडल डाव्या हाताने शिका, उजवा हात लिहायला मोकळा राहतो. सल्ला उत्तम आहे. मी तीन आठवडे केला आणि डाव्या हाताचा मळ या वाक्प्रचारावरचा माझा विश्वास उडाला.

आता मूळ अडचणीकडे येऊ, जी कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते. कारकून डिट मोजतो, डा मोजतो, अक्षराच्या पोटातली फटही मोजतो. दोन अक्षरांमधली तीन डिटांची फट आणि दोन शब्दांमधली सात डिटांची फट मात्र त्याने सहसा तुमच्यावर सोडलेली असते. साध्या कळीवर सगळंच थोडं थोडं वेडंवाकडं असल्यामुळे ऐकणारा सांभाळून घेतो. पॅडलवर अक्षर छापील निघतं, आणि म्हणून दोन अक्षरं चिकटली तर तीही छापील चिकटतात.

समजा तुमचं नाव अनंत आहे. 'ए' म्हणजे डिट-डा, 'एन' म्हणजे डा-डिट. दोघांमधली फट खाल्लीत की डिट-डा-डा-डिट होतं, आणि तो 'पी' आहे. पुढचे 'ए' आणि 'एन' चिकटले, दुसरा 'पी'. शेवटी 'टी'. तुम्ही अनंत म्हणून सुरू केलंत आणि पलीकडच्याने लॉगमध्ये लिहिलं पीपीटी. आता फट नीट ठेवलीत, पण मोड बीमध्ये चिमटी उशिरा सोडलीत, तर प्रत्येक 'ए'ला एक डिट जास्त लागून त्याचा 'आर' होतो, प्रत्येक 'एन'ला एक डा जास्त लागून त्याचा 'के' होतो, आणि तुम्ही आर के आर के टी. पुण्याच्या माणसाची वेगळी अडचण: इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे 'एन' आणि 'ई' चिकटले की 'डी' होतो, आणि पुणे 'पुड' म्हणून जगभर जातं. हे सहन करणारा पुणेकर अजून जन्माला यायचा आहे. चूक झाली तर आठ डिट द्यावेत असा संकेत आहे. पॅडलवर ते आठ कधीच आठ नसतात, सात असतात किंवा अकरा, आणि त्याबद्दल पुन्हा आठ द्यावे लागतात.

हे सगळं पचलं की वेगाची गुंडी फिरवायची इच्छा होते. मला परीक्षेला मिनिटाला ८ शब्द लागले होते. एक शब्द म्हणजे ५ अक्षरं, आणि त्या वेगाला एक डिट १५० मिलिसेकंदांचा, म्हणजे चांगला ऐसपैस. पॅडलवर तेच ८ शब्द रटाळ वाटतात. गुंडी २२वर नेली आणि काय सांगू, माझाच हात मला परका आणि रुबाबदार वाटू लागला. इथे हॅम जगताचा एक अलिखित नियम सांगितला पाहिजे: जो ज्या वेगाने हाक देतो त्याला त्याच वेगाने उत्तर येतं. पाठवायला कारकून आहे. ऐकायला कुणी नाही.

एका रविवारी सकाळी चाळीस मीटरवर, ७ मेगाहर्ट्झच्या जरा वर, मी २२ने सीक्यू दिला. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. स्वच्छ, गोल, छापील. मला त्यातलं माझं सांकेतिक नाव ओळखू आलं आणि पुढे नुसती शिटी. मी शिष्टाचाराप्रमाणे त्याला ५९९ दिलं, म्हणजे तुमचा आवाज अगदी स्पष्ट, दणदणीत आणि सुरेल येतो आहे. हे ५९९ सगळे सगळ्यांना देतात, आणि लगेच पुढच्या वाक्यात विचारतात, काय म्हणालात? मग मी माझं नाव पाठवलं. पलीकडून काहीतरी छोटंसं आलं. मी पेन हातात धरून बसलो. ते पुन्हा आलं, जरा हळू.

अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"नाव विचारतोय. दुसऱ्यांदा," ते म्हणाले. "नीट सांग या वेळी."

मी पॅडलची स्प्रिंग अर्धा आटा ढिली केली.