आखाड्यावरचे नाना

जिंतूर-सेलूकडच्या कोणत्याही गावात एक नाना भेटतातच. जमीन चार एकर आणि आखाड्यावर मात्र सगळं खटलं: लाल कंधारी बैलजोडी, एक गाय, मुऱ्हा म्हणून घेतलेली आणि तशी न निघालेली म्हैस, काळ्या उस्मानाबादी शेळ्या, कोंबड्या आणि कुणी न आणलेला एक बोका. "एकाच्या भरवशावर ऱ्हाऊ नाय," हे त्यांचं अर्थशास्त्र. सोयाबीन पडलं की शेळी इकायची, शेळी गाभण असली तर कोंबडी. आणि कोंबडी खुडूक असली तर? तर काकूंच्या बचत गटाकडं बघायचं.

घरात कालनिर्णय आहे. पण नाना काळ वेतांवर मोजतात. थोरलीचा जन्म 'तांबडीच्या दुसऱ्या वेताला', बोअर घेतला 'म्हैस आटली तवा'. तलाठ्यापुढंही हेच. तलाठी बिचारा नवा, त्यानं तांबडीचं आधार कार्ड मागितलं म्हणतात.

लग्नाला न जाण्याचं कारण मात्र कायम तयार. "जनावरं हाएत ना." मृगात तर विचारूच नका: पहिल्या पावसावर कोवळी ज्वारी तरारते, त्यात जनावर शिरलं की किरळ लागून तासाभरात आडवं. नाना बांधावर काठी घेऊन उभे. म्हणजे उभे दिसतात. घोरणं लांबून ऐकू येत नाही.

धार काढणं नानांचं नाही. म्हैस काकूंशिवाय पान्हा सोडत नाही. काकू माहेरी गेल्या तेव्हा नाना त्यांचं हिरवं इरकली लुगडं डोक्यावरून घेऊन, हातात बांगड्या वाजवत कासेशी बसले. म्हशीनं वास घेतला, दोन आचळ दूध दिलं आणि मिशी दिसताच बादली उडवली. आमच्या मते म्हशीचं चुकलं नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. दर वर्षी त्याच दिवशी तिथं खरीप मेळावा भरतो. ती वारी नाना चुकवत नाहीत. सोयाबीनवरच्या खोडमाशीचं व्याख्यान संपलं, शंका विचारा म्हणाले, की पहिला हात नानांचा.

"सायब, मपली म्हैस माजावर कामून येईना?"

मंडप हसला, पण साहेब जाणते. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते, म्हणाले. हंबरत नाही, म्हणून भल्या पहाटे बघा, दुपारी अंगावर पाणी मारा, एकवीस दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवा. "आन् अंड्यालाबी एकवीसच!" नाना उभ्यानंच हरखले. परत आल्यावर खुडूक कोंबडी आणि म्हैस यांच्या रेघा त्यांनी एकाच मेढीवर कोळशानं ओढल्या. त्या एकमेकींत मिसळल्या, आणि एकविसाव्या पहाटे नाना कंदील घेऊन कोंबडीपुढं बसलेले सापडले.

पोळ्याच्या आदल्या सांजेला, खांदमळणीला, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळून उरलेलं ते आपल्या गुडघ्यांना लावतात. काकूंच्या गुडघ्यांना कोण लावतं, हे मेढीवर लिहिलेलं नाही.

यंदा थोरलीची सोयरीक जुळली. पाव्हण्यांनी वैशाखातली तिथी काढली. नानांनी बोटं मोजली, मेढीकडं जाऊन आले आणि तोंड बारीक करून म्हणाले, "त्याच आठवड्यात म्हैस येणार. पुढं ढकला की."

काकू आतून चहा घेऊन आल्या. "तिथी तीच. तुम्ही ऱ्हावा म्हशीपाशी. कन्यादानाला मपला भाऊ बसंल."

नाना चहा बशीत ओतत म्हणाले, "मग त्यालाच म्हशीपाशी बसवू की. बांगड्या हाएत घरात."