भामटा म्हणजे कोण?

पेपरातलं गुन्हेवृत्त उघडा. 'भामट्याने ज्येष्ठ नागरिकाला गंडवले.' 'डिजिटल अरेस्टची भीती घालून भामट्यांनी लाखो उकळले.' चोर सापडलेला नसतो. त्याचं नाव पोलिसांनाही ठाऊक नसतं.

जात मात्र मथळ्यात छापून मोकळी!

दचकलात? भामटा ही जात आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' अशा दोन्ही नोंदी आहेत. सरकार ज्या शब्दाचा दाखला देतं, त्याच शब्दाची आपण शिवी देतो.

जात आधी की शिवी आधी, हा वाद पंडितांनी घालावा. सरकारी शिक्क्याची सुरुवात मात्र पक्की ठाऊक आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे तो मुंबई इलाख्यातही पोचला. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी लावायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. गुन्हा कोणता? जन्म!

इंग्रज गेल्यावर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती त्या कायद्यातून सुटल्या. म्हणून 'विमुक्त'. कायद्याने सोडलं.

मथळ्याने अजून सोडलेलं नाही.

आता बड्या मंडळींकडे बघा. विजय मल्ल्या मार्च 2016 मध्ये बँकांची हजारो कोटींची थकबाकी मागे ठेवून विलायतेला गेले. मथळा काय? 'मद्यसम्राट'. नीरव मोदी? 'हिरे व्यापारी'. अशांसाठी 2018 मध्ये खास कायदा झाला. त्यात 'फरार आर्थिक गुन्हेगार' हे बिरुद आहे, पण तेही कोर्टाने शिक्कामोर्तब केल्यावरच मिळतं. जात काढली का कुणी?

हजाराला गंडवलं की भामटा. हजारो कोटी थकवले की सम्राट.

'अहो, आमच्या मनात तसं काही नसतं!' नसेलच. मनात असतं तर निदान लाज तरी वाटली असती.

ज्या पोराच्या शाळेच्या दाखल्यावर 'राजपूत भामटा' लिहिलंय, त्याने सकाळचा पेपर कसा वाचायचा? की 'वाचाल तर वाचाल' हे फक्त इतरांसाठी?

आणि मराठीत लबाडांसाठी शब्दांचा दुष्काळ पडलाय का? लुच्चा आहे, लफंगा आहे, ठकसेन आहे, तोतया आहे. रोज एक वापरला तरी चार दिवस सहज निघतील.

तेव्हा उपसंपादकहो, चोराला चोर म्हणा. 'भामटा' जातीच्या दाखल्यावरच राहू द्या.