कणीदार

आमच्या साडूंनी ६५ इंची टीव्ही घेतल्यापासून ते आम्हाला दर रविवारी जेवायला बोलावतात. जेवणाआधी प्रात्यक्षिक असतं. पूर्वी लोक लग्नाचा अल्बम मांडीवर ठेवायचे, त्यातलाच प्रकार. गेल्या रविवारी ‘प्रीडेटर’ची ब्लू-रे होती, २०१०ची सुधारित आवृत्ती. “पडद्यावर एक ठिपका दाखवा, हरलो म्हणेन,” साडू म्हणाले.

ठिपका खरंच नव्हता. पण श्वार्झनेगरच्या गालाला छिद्रंही नव्हती. मेक्सिकोच्या जंगलात घामेजलेला तो गडी लोणावळ्याच्या मेणाच्या संग्रहालयातून उचलून आणल्यासारखा चकाकत होता. सिनेमा १९८७चा, फिल्मवर काढलेला. फिल्मवरचं चित्र मुळात कणाकणांनीच बनतं, त्याला ग्रेन म्हणतात. आवृत्ती काढणाऱ्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, हे कण म्हणजे घाण, काढ. त्याला घाण आणि घाम यांतला फरक कळेना, त्याने दोन्ही पुसून टाकले. साडूंकडून पिक्चरला पाचपैकी पाच.

उलट ‘पथेर पांचाली’ बघा. तिची मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली. इटलीत बोलोन्याला कारागिरांनी वाचलेले तुकडे हाताने सांधले, उरलेल्या जागा दुसऱ्या प्रतींवरून भरल्या आणि २०१५मध्ये सिनेमा पुन्हा पडद्यावर आणला. एवढा खटाटोप केला, पण त्यातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना कुणी इस्त्री लावली नाही. साडूंना ही डिस्क दाखवली होती. “जरा मळकट आहे,” म्हणाले.

आवाजाची तीच गत. जुन्या सिनेमाचा मोनो आवाज समोरून, एकाच जागेहून यायचा. आता त्याचा ५.१ करतात, म्हणजे तो खोलीभरच्या स्पीकरांत वाटून देतात. घोड्याच्या टापा सोफ्यामागून, पाऊस शोकेसमधून आणि संवाद बहुधा शेजाऱ्यांकडे. नायिका कुजबुजली की साडू आवाज वाढवतात, तेवढ्यात बॉम्ब फुटतो. सिनेमाचे दोन तास रिमोटच्या व्यायामात जातात. तरी साउंडला साडेचार.

त्यात टीव्हीचा आगाऊपणा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम मनाने रचून घुसडतो, मग युद्धपटसुद्धा सासू-सुनेच्या मालिकेसारखा सुळसुळीत दिसतो. २०१८मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून विनवलं की बाबांनो, टीव्हीतली ही सोय बंद करा. उडत्या विमानाला लटकणारा माणूस घाबरला तो एवढ्याला!

डिस्क पारखायची तर चकाकी बघू नये. केस बघावेत, स्वेटरची वीण बघावी. बट न् बट, टाका न् टाका सुटा दिसला तर माल खरा. आवाजाची परीक्षा त्याहून सोपी: रिमोट टेबलावर ठेवून सिनेमा संपला पाहिजे.

हे सगळं मी साडूंना सांगणार होतो, तेवढ्यात पानं वाढली. सासूबाईंनी गावाहून तूप पाठवलं होतं. साडूंनी थोडं बोटांत घेऊन चोळलं आणि मला पटवून दिलं, “बघा, कसं कणीदार आहे! गुळगुळीत लागलं की खुशाल समजावं, भेसळ.”

समोर पॉजवर ठेवलेला श्वार्झनेगर अजून चकाकत होता.