अनुरूप मीटिंग पाहिजे

‘सुदामानगर निवासी, मराठी, सुशिक्षित, निवृत्त, दारू सोडण्यास इच्छुक गृहस्थांसाठी अनुरूप मीटिंग पाहिजे. मंडळी आपल्यातली असावीत, पण ओळखीचं कोणी नसावं. घरापासून जवळ, मात्र घराजवळ नको.’

अशी जाहिरात अजून छापून आलेली नाही, एवढंच. इंदूरच्या मराठी घरांतून मीटिंग बघण्याचा कार्यक्रम मात्र स्थळ बघितल्यासारखाच चालतो. एक बघितली, तिथे ऑटोवाले फार. दुसरीत खुर्च्या प्लास्टिकच्या. तिसरीत बोलणारा गृहस्थ चक्क रडला. नकार कळवून आमचे काका घरी येतात आणि दमणूक झाली म्हणून दोन पेग घेतात.

दारूच्या दुकानात ही चिकित्सा नसते. मध्य प्रदेशात 2022 पासून देशी-विदेशी एकाच दुकानात मिळते. रांगेत पुढे हमाल, मागे मुनीम, मध्ये आमचे काका, आणि तिघांची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते. तिथे कोणी बघितलं तरी चालतं. मीटिंगच्या जिन्यात मात्र कोणी दिसू नये!

दोष काकांचा एकट्याचा नाही. आमच्या शहराला वर्गीकरणाची सवय लागली आहे. ओला, सुका, प्लास्टिक असं करत कचरागाडीत सहा कप्पे झाले आणि स्वच्छतेत नंबरही आला. पण तोच न्याय माणसांना लावला की पंचाईत होते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए. तिथे कप्पा एकच: दारू सोडायची इच्छा आहे ना? मग बसा. फी नाही, हजेरी नाही, आणि आडनाव विचारत नाहीत. हे शेवटचं फार जड जातं. आडनावाशिवाय मराठी माणसाची ओळख पुढे सरकणार कशी? होळकरांबरोबर आलेले की नंतर बदलीवर आलेले, हे न कळताच त्याचं दुःख ऐकून घ्यायचं?

एएची मूळ जोडी तरी कुठे अनुरूप होती? मे 1935, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. बिल शेअरबाजारातला, डॉक्टर बॉब सर्जन. बॉबची आदल्या दिवशीची अजून उतरायची होती, आणि ‘पंधरा मिनिटांवर थांबणार नाही’ असं बायकोकडून कबूल करून घेऊनच तो भेटीला आला. उठला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. भारतात हे काम 1957मध्ये सुरू झालं. याचा उपयोग होतो का, अशी शंका काढणाऱ्यांसाठी वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 2020 सालचा आढावा आहे. 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, आणि निष्कर्ष असा की दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे वळवणारे उपचार इतर रूढ उपचारांच्या बरोबरीने, बरेचदा त्यांच्यापेक्षा सरस ठरतात.

काका म्हणतात, “त्यापेक्षा मुक्तांगण बरं.” बरोबरच आहे. व्यसनमुक्ती केंद्र, पुणे, 1986, अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट, पाठीशी पु. ल. देशपांडे. घराणं उत्तम. जरूर जावं. पण तिथून परतल्यावरच्या सगळ्या संध्याकाळी इंदुरातच काढायच्या असतात, आणि त्यासाठी पुन्हा ऑटोवाल्यांच्या शेजारचीच खुर्ची लागते.

बघण्यासारख्या गोष्टी आहेत, नाही असं नाही. मीटिंग खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी, हे आधी विचारावं. खुलीत घरचं माणूस बरोबर नेता येतं. ज्या बाईमाणसाला खोलीभर पुरुषांत तोंड उघडणं अवघड जाईल, तिने बायकांची मीटिंग शोधावी, गावात नसेल तर फोनवरची. ज्याला जी भाषा रडायला येते ती त्याने निवडावी. काकांची हिंदी शिव्यांपुरती उत्तम आहे, तेव्हा ते मराठी मागतात यात मला चूक दिसत नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टर गाठावा. हात थरथरणं, झटके, भ्रम, प्रसंगी जिवावरही बेततं. मीटिंगमधली माणसं प्रेमळ असतात, पण सलाइन लावत नाहीत. काहीच सुचेना तर 14446 हा सरकारी नंबर फुकट लागतो.

सरकारही मागे नाही. 1 एप्रिल 2023ला राज्यातले अहाते, म्हणजे दुकानाशेजारी बसून प्यायच्या जागा, बंद झाले, तेव्हा गाड्यांच्या डिक्या उघडल्या. 1 एप्रिल 2025ला उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरची दुकानं बंद झाली. उज्जैनच्या काळभैरवाला दारूचाच नैवेद्य असतो, पण त्याला सकाळी ऑफिस नाही. दुकानाला कुलूप ठोकल्याचा फोटो चांगला येतो. एएत फोटोच काढत नाहीत, त्यामुळे उद्घाटनाला तिकडे मंत्री फिरकत नाहीत.

मधल्या काळात काकूंनी आपली मीटिंग शोधून टाकली. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉन असते, 1951पासून. त्यांनी खुर्च्या बघितल्या नाहीत. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर बसतात. काकांची झोप उडाली आहे.

“माझ्याबद्दल काय काय सांगतेस गं तिथे?”

“तुमचा विषयच निघत नाही हो,” काकू म्हणाल्या. “आम्ही आमचंच बोलतो.”