असीर पे खाली होगी

पुराणातल्या पुष्पक विमानाची ख्याती अशी, की कितीही माणसं चढली तरी त्यात एक जागा रिकामी राहायची. बऱ्हाणपूरच्या बस स्टँडला ‘पुष्पक’ नाव देणाऱ्याला ही गोष्ट नक्की ठाऊक असणार. फरक एवढाच, की आमच्याकडे ती रिकामी जागा फक्त कंडक्टरला दिसते. “पीछे पूरी खाली है चाचा, आप चढो तो सही!” चाचा चढतात. मागे एक शिलाई मशीन, दोन केळीचे घड, लग्नाच्या बस्त्याची गाठोडी आणि त्या गाठोड्यांवर बसलेलं नवरीकडचं सगळं गोत्र. चाचा खाली उतरू म्हणतात, तर तोवर दारात आणखी तीन चाचा.

इंदूरकडे निघालेल्या खाजगी गाडीत उभ्या माणसाला एकच आश्वासन मिळतं: “असीर पे खाली होगी.” असीर म्हणजे असीरगड, ज्याला मोगल दख्खनचा दरवाजा म्हणत. या वचनावर विसंबून मी कितीदा तरी असीरपर्यंत दांडीला लोंबकळत गेलोय. तिथं एक उतरतो, पाच चढतात. इतिहासात असीर खाली झाल्याचे दाखले आहेत, नाही असं नाही. जानेवारी १६०१ मध्ये झालं, पण त्यासाठी अकबराला कित्येक महिने वेढा घालून बसावं लागलं. (बसावं लागलं, हे लक्षात घ्या.) १८१९ मध्ये इंग्रजांनीही खाली करून घेतलं; त्यांनी सोबत तोफा आणल्या होत्या. माझ्याकडे पिशवी असते. कुठल्या गाडीत हे घडतं ते सांगणार नाही, उद्या तिनंच जायचंय.

गाडी कधी सुटते, याचं शास्त्र सोपं आहे. भरली की सुटते. भरली कधी, हे मालक ठरवतो. ड्रायव्हर इंजिन सुरू करतो, गाडी चार हात पुढे घेतो, चार हात मागे घेतो, क्लीनर पत्र्यावर थापा मारून “चलो चलो चलो” ओरडतो आणि चहाच्या टपरीवरचे नवखे प्रवासी कप टाकून धावत सुटतात. मुरलेले बऱ्हाणपूरकर दुसरा चहा सांगतात. या गावातून पुढचं वाहन मिळायला उशीर होणं काही आजचं नाही. मुमताजमहल १६३१ मध्ये इथं वारली, तापीपलीकडे जैनाबादला तिला दफन केलं आणि तिथून आग्र्याला निघायला सहा महिने लागले. नवरा बादशहा असून.

आता मूळ दुखणं. आमच्या राज्यानं २००५ मध्ये स्वतःचं परिवहन महामंडळ गुंडाळायला घेतलं. त्यानंतर जन्मलेली मध्य प्रदेशातली पोरं मतदानाच्या वयाला आली, त्यांनी आपल्या राज्याची सरकारी बस पाहिलेली नाही. बऱ्हाणपूरची पोरं मात्र भाग्यवान. त्यांनी पाहिली आहे, शेजाऱ्याची! महाराष्ट्रातल्या रावेरकडून लाल एसटी येते, तिच्या पाटीवर मराठीत गावांची नावं असतात आणि आत खिडकीच्या वर ‘विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव’ असं लिहिलेलं असतं. त्या जागेवर मी आजवर कोंबड्या पाहिल्या, वरणगावच्या आज्या पाहिल्या, झोपलेला पोलीस पाहिला. आमदार दिसायचा आहे.

मामाचं गाव तिकडेच, सावद्याजवळ. मे महिन्याची सुट्टी लागली की आई, मी आणि पत्र्याची ट्रंक. एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकायचा, ही जागा धरण्याची सर्वमान्य पद्धत. रुमाल टाकला की ती सीट कायद्यानं तुमची. एखाद्यानं रुमाल उचलून बस म्हटलं, तर अख्खी गाडी तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहायची. उभी तर ती असायचीच म्हणा. मग खाकी कंडक्टर तो पत्र्याचा तिकिटांचा ट्रे काखेत मारून यायचा, रंगीबेरंगी तिकिटं फाडून पंचानं टिकटिक भोकं पाडायचा. त्या आवाजासाठी मी कंडक्टर व्हायचं ठरवलं होतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नव्हतं, पाच ते बारा अर्धं. आईनं मला बरीच वर्षं पाचाच्या आत ठेवलं. मी मामाला पत्र लिहायला लागलो, तरी गाडीत मात्र चारच वर्षांचा असायचो. कंडक्टर माझ्या पायातल्या बुटांकडे बघायचा, आईकडे बघायचा आणि पुढच्या सीटकडे सरकायचा. आईच्या नजरेला नजर देणं मामालाही जमलं नाही, कंडक्टर तर परका माणूस.

तीच आई पुढं वय वाढायची वाट बघू लागली. महाराष्ट्रात एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्धं. आईला वाटलं, आता माहेर जवळ आलं. पण या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या. बऱ्हाणपूरहून निघालेली बाई चोरवडच्या नाक्यापर्यंत पूर्ण बाई, नाक्यापलीकडे अर्धी. म्हातारी नाक्यापर्यंत सशुल्क, नाका ओलांडला की सरकारची पाहुणी. इकडे बाई लाडली बहना, तिकडे लाडकी बहीण. सीट तीच, गुडघेदुखी तीच, शेतात डाव्या बाजूला तीच केळी. नाका येईपर्यंत केळीला कुठल्या राज्यात आहोत हे कळत नाही, नाका गेल्यावरही नाही.

हा हिशेब करणाऱ्या कंडक्टरची मला मनापासून दया येते. नवरा-बायको आणि सासू. नवऱ्याचं पूर्ण. बायकोचं हद्दीपर्यंत पूर्ण, मग अर्धं. सासूचं हद्दीपर्यंत पूर्ण, मग शून्य. सासू विचारते, “मग मला नाक्यापर्यंत चालत जाऊ दे ना!” गाडीत हशा, आणि त्या हशात ज्याला आपल्या सुट्ट्या पैशांची आठवण कंडक्टरला द्यायची असते, तो प्रवासी बिचारा तोंड उघडेपर्यंत रावेर येतं. सुटे पैसे तिकिटामागे लिहून देणं ही आमच्याकडची जुनी बचत योजना आहे. मुदत संपल्यावर रक्कम मिळत नाही, पण मुदत कधी संपली तेही कोणी सांगत नाही.

हद्द आली हे मैलाच्या दगडाआधी मोबाइल सांगतो. रोमिंगचे पैसे पडत तेव्हा चोरवड जवळ आलं, की अख्खी गाडी एकदम ओरडू लागायची: “बोल लवकर, नाका आला! काय? जावई? हो, आले, आले. ठेव!” बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यात कितीतरी लग्नं या शेवटच्या दीड मिनिटात ठरली असावीत असा माझा समज आहे. देण्याघेण्याचा मुद्दा निघायला वेळच उरायचा नाही. रोमिंग गेलं आणि वाटाघाटी भुसावळपर्यंत लांबल्या.

आणि मावा जिलबी. बऱ्हाणपूरहून जाणारा माणूस ती नेल्याशिवाय जात नाही, आणि ती माझ्या डोक्यावरच्या फळीवर ठेवल्याशिवाय बसत नाही. अंकलेश्वर रस्त्यावरचा एखादा खड्डा पुरतो. पाक सावकाश, पण नेमका कॉलरच्या आत उतरतो. मी तक्रार करत नाही, कारण जिलबीचा मालक लगेच पुडा उघडून “घ्या ना भाऊ” म्हणतो, आणि ती जिलबी नाकारण्याइतका मी अजून रागावलेलो नसतो.

आता बातमी अशी, की आमच्या सरकारला वीस वर्षांनी बस आठवली आहे. २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली. सरकारी सेवा, पण गाड्या खाजगीच. म्हणजे सरकार नियम करणार आणि मालक गाडी चालवणार. उशीर नेमका कोणाच्या खात्यावर मांडायचा, याची समितीही यथावकाश नेमली जाईल. मोबाइलवर बस कुठं आहे तेही दिसणार म्हणतात. ते आम्हाला आत्ताही दिसतं: ती स्टँडवरच असते, चार हात पुढं, चार हात मागं. कधी सुटणार, ते मोबाइलनं दाखवलं तर सांगा.