विषय निवडा, पैसे आहेत

राज्य सरकारच्या ‘सारथी’ संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीवर बोलताना, ‘पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार’ अशा अर्थाचा सवाल तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत केला. समजा, पैशांचा प्रश्नच मिटला. मग डोंबिवलीकराने विषय कोणता घ्यावा? इतिहासात कल्याणचा पत्रीपूल आहे: जुना नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधला काळ ‘अंधारयुग’. भौतिकशास्त्रात सकाळची फास्ट लोकल: एका जागी दोन वस्तू मावत नाहीत, हा नियम तिथे रोज मोडतो. ठाणेकराला भूगर्भशास्त्रासाठी घोडबंदर रोड पुरेल. अडचण एकच. गाईड बसतात मुंबई विद्यापीठात, कलिन्याला आणि भेटीची वेळ देतात सकाळी दहाची.